चार खिळे आणि नानांचे गाऱ्हाणे

डॉक्टर जनार्दन साळवी यांची आणि माझी पहिली भेट बोकडाच्या जबड्याच्या साक्षीने झाली. दंतवैद्यकाची पदवी घेऊन मी नुकतीच मुंबईहून परतले होते आणि कुणा अनुभवी माणसाच्या हाताखाली काम शिकावे म्हणून रत्नागिरीत त्यांच्या दवाखान्याची चौकशी करत गेले होते. बाहेर बाकावर पेशंट बसलेले आणि डॉक्टर मागच्या पडवीत. त्यांच्यापुढे पाटावर साफ केलेला एक जबडा, हातात ड्रिल, आणि शेजारी त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पिचकारीने त्या हाडावर गार पाणी सोडत होत्या. "लोकांच्या घरी खाटकाकडून मटण येतं, आमच्याकडे नुसते जबडे येतात," वहिनी मला म्हणाल्या. "तुम्ही इथे राहणार असाल तर ही पिचकारी आधी हातात घ्या. माझा भात करपतोय." मी पिचकारी घेतली. माझी नेमणूक झाली ती अशी.

डॉक्टरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी 'त्यांचे कार्य आणि त्यांची मूल्ये' यांविषयी लिहावे, असे समितीने मला सांगितले आहे. मूल्ये वगैरे शब्द डॉक्टरांसमोर कुणी काढले तर ते "आ करा" म्हणतात, हे त्यांच्या परिचितांना ठाऊकच आहे. तेव्हा मी फक्त जे डोळ्यांनी पाहिले तेच सांगणार आहे, आणि त्यातही मुख्यतः एकाच माणसाच्या दातांविषयी.

आधी त्या जबड्याचा खुलासा करते. त्याच्या आदल्या वर्षी डॉक्टर मुंबईत एक व्याख्यान ऐकून आले होते. टायटॅनियम नावाच्या धातूचा लहानसा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवायचा, वरून हिरडी शिवून टाकायची आणि काही महिने त्याला अजिबात त्रास द्यायचा नाही. हाड त्या स्क्रूला आपला समजून घट्ट धरते. मग हिरडी पुन्हा उघडून त्यावर दात चढवायचे. ते दात काढघाल करायच्या कवळीसारखे हलत नाहीत. आज याची थोडीफार चर्चा कानावर येते, पण तेव्हा आपल्याकडे हे पाहिलेली माणसे फार थोडी होती. डॉक्टरांनी पन्नाशी ओलांडलेली, दवाखाना उत्तम चाललेला. तरीही ते दवाखान्याला कुलूप लावून मुंबईला गेले, आपल्यापेक्षा वयाने लहान असलेल्या सर्जनच्या हाताखाली विद्यार्थ्यासारखे उभे राहिले आणि शिकून आले. गावातल्या काही मंडळींनी "रत्नागिरीत खिळे ठोकायला सुतार कमी पडले काय?" अशी चेष्टाही केली. डॉक्टर हसले आणि खाटकाकडे जबड्यांची मागणी वाढवली. ड्रिल जोरात फिरले की हाड तापते, आणि तापलेले हाड स्क्रूला धरत नाही. म्हणून हळू फिरवायचे आणि गार पाणी थांबू द्यायचे नाही. ही सवय हाताला लागेपर्यंत त्यांनी माणसाच्या जबड्याला हात लावला नाही. माझा पिचकारी धरणारा हात दुखून आला, पण तक्रार कोणाकडे करणार? वहिनींनी तर आधीच राजीनामा दिलेला.

डॉक्टरांचा दुसरा हट्ट म्हणजे पेशंटला सगळे आधी सांगायचे. "दुखणार नाही" हे वाक्य त्यांच्या दवाखान्यात कुणी उच्चारायचे नाही, असा नियम होता. मिरकरवाड्याचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे कप्तान, अक्कलदाढ काढायला आले होते. उभ्या आयुष्यात वादळांना न घाबरलेला हा गृहस्थ सुई पाहून घामाघूम झाला. मी आपली सवयीने म्हणाले, "चाचा, काही दुखत नाही हो." डॉक्टरांनी मला थांबवले. खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "चाचा, सुई टोचेल, मुंगी चावल्यासारखी नव्हे, चांगली टोचेल. मग ओठ जड होईल. दाढ काढताना आवाज येईल, तो हाडाचा, घाबरायचं नाही. उद्या सूज येईल, परवा जास्त येईल, मग उतरेल." तांडेलांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हवा कुठल्या बाजूनं येनार ते कळला, आता घाला सुई." त्या दिवसापासून मीही "दुखणार नाही" म्हणणे सोडले.

आता नानांकडे येते. नाना गुरव हे संगमेश्वराच्या अलीकडच्या एका गावचे. त्यांच्या घराण्याकडे गावदेवापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान आहे. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावर, आली की सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलायचे ते नानांनीच. कोणाची सून बाळंत व्हायची आहे, कोण मुंबईत आजारी आहे, कोण बोटीवर गेला आहे, प्रत्येकाचे नाव घेऊन देवाला साकडे घालायचे आणि प्रत्येक मागण्याला गावाने एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणायचे. गाऱ्हाण्यात अडखळलेले चालत नाही. नाव चुकले तर त्या घरातली माणसे वर्षभर धास्तावतात. हा लेख लिहिण्यापूर्वी मी नानांची परवानगी घेतली. ते म्हणाले, "नाव घालून लिवा. चोरी केली हाय काय?"

नानांचे वरचे दात शाबूत होते, पण खालचे सगळे गेलेले. खालची कवळी बसायला हिरडीचा उंचवटा लागतो, तो झिजून सपाट झाला होता. त्यामुळे कवळी तोंडात होडीसारखी डुलायची. एका शिमग्यात ऐन गाऱ्हाण्यात ती सुटली. पुढचे शब्द चोथा होऊन बाहेर पडले आणि मागे उभ्या असलेल्या काही जणांना हसू आवरले नाही. गावच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरींनी मग तोडगा काढला. त्यांनी काही वर्षांपूर्वी हौसेने नानांचे गाऱ्हाणे टेप करून ठेवले होते. पुढच्या शिमग्याला तीच कॅसेट लाउडस्पीकरवर लावायची आणि नानांनी मानाच्या जागी नुसते उभे राहायचे, असे ठरले. ते हे सगळे नानांच्या भल्यासाठीच करत होते, हेही मी मान्य केले पाहिजे.

नाना दवाखान्यात आले ते याच दुःखाने. खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागले. "डाक्टरानू, मी जिता असताना माजा आवाज पेटीतना येनार? आनि त्या टेपात कोनाची नावा हायत? पडवळांचा बाळा मेला, त्याला आवक्ष मागितलेला हाय त्यात! जो गेला त्याचा आवक्ष मागायचा आनि जो पाळन्यात हाय त्याचा नाव नाय. देवाला काय वाटंल?" मेलेल्यासाठी आयुष्य मागणारी ती कॅसेट मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही.

डॉक्टरांनी त्यांना स्क्रूची सगळी हकीकत सांगितली. त्यातला धोकाही सांगितला. "मुंबईत मी हे मोठ्या सर्जनच्या देखरेखीखाली केलंय. रत्नागिरीत तुम्ही पहिले. एखादा स्क्रू धरणारही नाही. विचार करून या." नानांनी विचार केला म्हणजे देवाला कौल लावला. उजवा कौल मिळाला आणि ते आनंदाने परतले. मी जरा नाक मुरडले, पण डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "देवाची परवानगी झाली. आता रक्तातली साखर काय म्हणते ते बघू." साखरही उजवी निघाली. मोठा एक्स-रे काढायला त्यांना कोल्हापूरला पाठवले. त्यात जबड्याच्या पुढच्या भागात भरपूर हाड दिसले, तेव्हा डॉक्टरांचा चेहरा लग्न ठरल्यासारखा खुलला.

शस्त्रक्रिया पावसाळ्यात झाली. वीज जायची भीती म्हणून डॉक्टरांनी लग्नात स्पीकर पुरवणाऱ्या माणसाकडून जनरेटर आणून अंगणात ठेवला. तो भाड्याने देणारा विचारत राहिला, "वाजंत्री कुठली?" सुई दिली, हिरडी उघडली, आणि हाडात पाच भोके हळूहळू पाडली. मी पिचकारी धरली होती, हे सांगायला नकोच. स्क्रू मात्र डॉक्टरांनी हाताने फिरवून बसवले, अगदी अलगद, आणि वरून हिरडी शिवली. नाना जागे होते. मधेच त्यांनी हाताने खूण केली, तेव्हा डॉक्टर थांबले, घटकाभर विसावा दिला आणि पुढे काय करणार ते पुन्हा सांगितले. सूज ठरल्याप्रमाणे आली. गालाला लावायचा बर्फ आम्ही मासळी बंदरावरून आणवला होता. नाना तोंडातल्या तोंडात म्हणाले, "डाक्टरानू, गुरवाच्या गालाला बांगड्याचा वास येतो." आठवडाभर पेज, मऊ भात, मिठाच्या पाण्याच्या चुळा, मशेरी बंद, कवळी घालायची नाही, कडक काही खायचे नाही, अशी सगळी उजळणी करवून त्यांना एस.टी.त बसवले.

टाके काढायला नाना आले तेव्हा अर्धे टाके काढायची गरजच उरली नव्हती. एका बाजूचे तुटलेले होते आणि हिरडी उघडी पडली होती. डॉक्टरांनी शांतपणे विचारले, "कडक काय खाल्लंत?"

"काय नाय. पेज सोडून काय नाय."

"आठवून बघा."

"कुळथाचा पिठला खाल्ला. त्याला दात लागत नायत." मग जरा थांबून, "आनि सोमवारी देवाच्या नारळाचा खोबरा."

कडक खोबऱ्याचा तुकडा, ताज्या टाक्यांवर! मी संतापले. आजही तसेच झाले तर आजही संतापेन. इतके सांगून, इतके घोकून घेऊन शेवटी खोबरे? नाना माझ्याकडे भाबडेपणाने बघत राहिले. "ताई, तो परसाद हाय. नारळ फुटला की पैला तुकडा गाऱ्हाना घालनाऱ्यानं खायाचा. तो काय खानं हाय?"

पुढच्या तपासणीत पाचांतला एक स्क्रू हलताना आढळला आणि तो काढून टाकावा लागला. नानांच्या डोळ्यांत पाणी आले. एक गेला म्हणजे बाकीचेही जाणार आणि शिमग्याला कॅसेट वाजणार, हे त्यांनी ठरवूनच टाकले. डॉक्टर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "चूक माझी आहे. मी 'कडक खाऊ नका' म्हटलं. प्रसाद म्हणजे त्यांच्या लेखी खाणं नव्हेच. ज्या माणसाला सांगायचं त्याच्या घरात काय चालतं ते मला आधी विचारायला हवं होतं." माझ्या मते निम्मी चूक तरी नानांची होती, पण डॉक्टर वाटा द्यायला तयार नव्हते.

मग बाहेर येऊन ते नानांना म्हणाले, "नाना, चार पुरेत. पण या चारांना आता कुणी त्रास द्यायचा नाही. तुमचं गाऱ्हाणं आणि माझ्या सूचना, यांत फरक एवढाच की माझ्या सूचनांना 'व्हय' म्हणणारं कुणी नसतं. तुम्ही असं करा, माझ्या सूचनांचंच गाऱ्हाणं घाला." नाना आधी लाजले. मग उभे राहिले, हात जोडले आणि अर्ध्या बोळक्या तोंडाने सुरू झाले. "बा गावदेवा म्हाराजा! या चार खिळ्यांवर कडक घास पडू देव नको." बाकावर बसलेल्या पेशंटांनी, सुजलेल्या गालांसकट, आरोळी दिली, "व्हय म्हाराजा!" "मशेरीला हात लावू देव नको." "व्हय म्हाराजा!" "मिठाच्या पान्याची चूळ चुकवू देव नको. परसाद कपाळाला लावून सुनेच्या हातात देयाची बुद्धी दे." "व्हय म्हाराजा!" नानांची सून तर सर्वांत मोठ्याने ओरडली. शब्द अर्धेमुर्धेच कळले, पण त्यानंतर एकही सूचना मोडली गेली नाही.

तेव्हापासून डॉक्टरांच्या दवाखान्यात ही पद्धतच पडली. पेशंटने सूचना बोलून दाखवायच्या आणि सोबतच्या माणसाने होकार द्यायचा. मी पुढे चिपळूणला माझा दवाखाना थाटला तेव्हा ही पद्धत बरोबर नेली. एका पावसाळ्यात वाशिष्ठीचे पाणी दवाखान्यात शिरले. खुर्ची, यंत्रे, सगळे चिखलात गेले. मी ओटीवर बसून रडत होते. पाणी ओसरल्यावर दारात एक ट्रक येऊन थांबला. आत डॉक्टरांच्या दवाखान्यातली दुसरी खुर्ची, पायाने चालवायचे जुने ड्रिल आणि वर बसलेले डॉक्टर. "चिखल काढायला खराटा आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. खुर्ची परत घ्यायला ते अजून आलेले नाहीत. मी आठवण केली की म्हणतात, "जड आहे, राहू दे तिथे."

पण नानांना मी मधेच सोडून आले. दिवाळीनंतर त्यांची हिरडी पुन्हा थोडी उघडली. हे काम लहान असते, सूजही फारशी येत नाही. पण एवढे महिने आत काय चालले होते ते आता कळायचे होते. डॉक्टरांनी तोंडात बघायच्या आरशाचा दांडा उलटा धरला आणि पहिल्या स्क्रूवर हलकेच वाजवले. टण्! दगडी खांबावर वाजवावे तसा भरीव आवाज. दुसरा, तिसरा, चौथा, चारही तसेच. त्यांनी दांडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तूही वाजव." आयुष्यात मी पुष्कळ संगीत ऐकले आहे, पण त्या आवाजाची सर कशालाच नाही. वहिनी आतून विचारत्या झाल्या, "धरलं का?" आणि मी कोल्हाट्यासारखी उडी मारल्याचे त्या अजून सगळ्यांना सांगतात.

पुढे स्क्रूंवर लहान खुंट्या चढवल्या, मापे घेतली आणि दात बसवून पाहायचे दिवस आले. मापाची वेळ आली की उच्चार तपासायला आम्ही पेशंटला आकडे मोजायला लावतो. डॉक्टरांनी नानांना गाऱ्हाणे घालायला लावले. 'सालाबाद' म्हणताना शीळ यायची, म्हणून दात घासले, मागे घेतले, पुन्हा लावले. नानांना फेऱ्या घालून कंटाळा आला. "डाक्टरानू, चालंल हो एवढा." डॉक्टर म्हणाले, "मला चालेल. देवाला स्वच्छ ऐकू यायला हवं." अखेर दात पक्के केले आणि ते ब्रशने व धाग्याने कसे साफ ठेवायचे याचेही एक गाऱ्हाणे झाले.

त्या शिमग्याला डॉक्टर, वहिनी आणि मी नानांच्या गावी गेलो. पालखी सहाणेवर आली. ढोल थांबले. सेक्रेटरी टेपरेकॉर्डरशेजारी उभे होते, कॅसेट आत घातलेली, बोट बटणावर. हे सावधगिरीसाठी, असे त्यांनी आम्हाला हळूच सांगितले. डॉक्टरांच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता.

नानांनी हात जोडले. "बा गावदेवा म्हाराजा! सालाबादापरमानं तुजी लेकरा तुज्या सहाणेवर गोळा झाल्येत!" 'सालाबाद' हा शब्द इतका लख्ख आला की वहिनींनी माझा दंड दाबला. मग एकेक नाव. मुंबईतले, बोटीवरले, पाळण्यातले. पडवळांचा जो बाळा गेला होता, त्याच्या पाळण्यातल्या नातीचे नाव आले तेव्हा बायकांत उभी असलेली तिची आजी रडू लागली. नाना कुठेही अडखळले नाहीत. गाव दर मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणत होते आणि दर वेळी आवाज चढत होता. सेक्रेटरींनी बटणावरचे बोट कधी काढले ते कळलेही नाही. मग घाईघाईने त्यांनी जुनी कॅसेट काढली, कोरी घातली आणि नवे गाऱ्हाणे टेप करायला घेतले.

शेवटी नाना आमच्याकडे वळले. "रत्नागिरीच्या साळवी डाक्टरान तुज्या चाकराला त्याचा तोंड परत दिलान, म्हाराजा! त्याच्या हाताला यश दे. त्याची नजर शाबूत ठेव. त्याच्या घरात कदी काय कमी पडू देव नको!" सगळा गाव गरजला. देवापुढे मानाचे 'अहो-जाहो' नसते, म्हणून त्या दिवशी आमचे डॉक्टर इतरांसारखेच देवाचे लेकरू झाले. तेही खाली बघत हात जोडून उभे राहिले.

नारळ फुटला. पहिला तुकडा नानांच्या हातात आला. सवयीने त्यांनी तो कपाळाला लावला आणि सुनेकडे हात केला. मग थबकून डॉक्टरांकडे पाहिले. सहाणेवरची सगळी माणसे त्या दोघांकडे बघू लागली. डॉक्टरांनी मान हलवली. नानांनी खोबरे तोंडात घातले आणि चावले. कट्ट असा आवाज आला, तो मी ऐकला, वहिनींनी ऐकला, आणि मला खात्री आहे, गावदेवानेही ऐकला. डॉक्टरांनी दोरी झालेला रुमाल उलगडला आणि डोळे पुसले.

त्यानंतर डॉक्टरांनी कित्येकांच्या तोंडात असे दात बसवले, आणि आंजर्ल्यापासून राजापुरापर्यंतची माणसे त्यांच्याकडे येतात. जी मंडळी सुतारावरून चेष्टा करत होती त्यांतल्या दोघांचे दात डॉक्टरांचेच आहेत. त्यांची नावे मी लिहीत नाही, त्यांनी हसून दाखवावे.

साठीच्या निमित्ताने समितीने शुभेच्छा द्यायला सांगितल्या आहेत. पण आपल्याला जरा उशीरच झाला. दर शिमग्याला संगमेश्वराच्या अलीकडच्या त्या गावात डॉक्टरांचे नाव गाऱ्हाण्यात घेतले जाते, आणि कॅसेटीतून नव्हे, नानांच्या स्वतःच्या मुखातून. मी परवा नानांना विचारले की लेखाच्या शेवटी काय लिहू. नानांनी हात जोडले आणि तिथेच सुरू झाले. मी उतरवून घेतले ते असे, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाने शेवटचे दोन शब्द मोठ्याने म्हणावेत अशी त्यांची ताकीद आहे:

"बा गावदेवा म्हाराजा! आमच्या डाक्टराला आनि वैनीला शंभर वर्सा आवक्ष दे. अंगात ताकद दे. त्याचे सोताचे दात शेवटपर्यंत त्याच्या तोंडात ठेव. आनि दर शिमग्याला त्याला तुज्या सहाणेवर आन, परसादाचा खोबरा चावून खायाला!"

व्हय म्हाराजा!